पळणे, धावणे आणि ‘मला’ : आत्मशोधाच्या एका परिभाषेची समीक्षा

१

धावण्याविषयीचे एक विशिष्ट प्रकारचे गद्य गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत स्थिर झाले आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. परंतु २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर साताऱ्यासारख्या नगरांतूनही अशा शर्यती होऊ लागल्या, तेव्हापासून या गद्याला बहर आला. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, आरोग्यविषयक मासिके, दिवाळी अंकांतील अनुभवकथने ही त्याची स्थाने होत. त्याचा सिद्धान्त थोडक्यात असा सांगता येईल : धावणे हा केवळ व्यायाम नव्हे, तो स्वतःला घडविण्याचा व स्वतःला ओळखण्याचा मार्ग आहे.

हा सिद्धान्त खरा की खोटा, हे ठरविणे शरीरशास्त्रज्ञाचे अथवा मानसशास्त्रज्ञाचे काम आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. हा सिद्धान्त ज्या मराठीत मांडला जातो, त्या मराठीची घडण त्याला कितपत पेलते, एवढेच येथे पाहावयाचे आहे. समीक्षकाने आशयाकडे पाहावे, भाषेकडे वैयाकरणाने, अशी वाटणी आपल्याकडे रूढ आहे. परंतु ज्या लेखनाचा विषयच ‘स्व’ आहे, त्यात कर्त्याची विभक्ती हा आशयाचाच भाग असतो, असे मला वाटते.

या विवेचनाला निमित्त झाले ते मारेगावच्या रस्त्याचे. यवतमाळ जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना कापसाची व तुरीची काळी शेते आहेत. पहाटे अंधार असतानाच या रस्त्याच्या कडेने मुले धावताना दिसतात. अलीकडे मुलीही दिसतात. त्यांच्या अंगावर शर्यतीचे बिल्ले नसतात आणि मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळही बहुधा नसते. ही मुले पोलीस भरतीची तयारी करीत असतात. पन्नास गुणांच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर अंतर धावावे लागते, आणि तेवढ्या अंतरावर पुष्कळदा एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. पुरवण्यांतील धावणे आणि या रस्त्यावरील धावणे, ही एकच क्रिया आहे काय? आणि एक आत्मशोध असेल, तर दुसरे काय आहे?

२

मराठीत या क्रियेला मुख्यतः दोन धातू आहेत : पळणे आणि धावणे. आज ते समानार्थी मानले जातात, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बोलण्यात तर ‘सकाळी पळायला जातो’ हे अगदी निर्विकार वाक्य आहे. तथापि दोघांचे कूळ भिन्न आहे. ‘पळणे’ हे संस्कृत ‘पलायते’पासून आले. त्यात ‘परा’ हा उपसर्ग असून ‘अय्’ या गत्यर्थक धातूपूर्वी त्यातील ‘र’चा ‘ल’ होतो. म्हणजे मूळ अर्थ ‘दूर जाणे’. हा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. पळ काढणे, पळपुटा, पळवाट, पळून जाणे या सर्वांत मागे काहीतरी सोडलेले असते. ‘धावणे’चे तसे नाही. धावून येणे, मदतीला धावणे, हाकेला धावणे, एवढेच काय पण अंगावर धावून जाणे, यांत समोर कोणीतरी असतो. पळणाऱ्याला पाठ असते, धावणाऱ्याला तोंड असते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही. ‘धावपळ’ या सामासिक शब्दात दोन्ही दिशा एकत्र आल्या, आणि म्हणूनच की काय, तीत कोठेच पोहोचता येत नाही.

पाणिनीय धातुपाठात ‘धाव्’ या धातूला दोन अर्थ दिलेले आहेत : गती आणि शुद्धी. ‘धौत’ हे रूप दुसऱ्या अर्थाचे. आधुनिक कोशकार या दोहोंना दोन वेगळे धातू मानतात व ते योग्यच आहे. उच्चार एक झाला म्हणून अर्थांत नाते जोडणे हा लोकव्युत्पत्तीचा मोह होय. धावण्याने मनुष्य ‘धुतला’ जातो, असे सुभाषित यावरून रचणे सोपे आहे, आणि आपल्या पुरवण्यांतील लेखकांना हा धातुपाठ ठाऊक असता तर ते त्यांनी खचितच रचले असते.

त्यापेक्षा विचारार्ह शब्द ‘धावा’ हा आहे. देवाचा धावा करणारा मनुष्य स्वतः धावत नाही. ‘धाव’ हे आज्ञार्थी रूप तो दुसऱ्याला उद्देशून उच्चारतो, आणि त्या हाकेलाच ‘धावा’ हे नाव मिळते. ज्याचे पाय खिळले आहेत, त्याचे हे धावणे आहे. उलट आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी वेळापूरला येते तेव्हा वारकरी उतारावरून खरोखर धावतात, आणि त्यालाही ‘धावा’च म्हणतात. तुकारामांना येथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी परंपरा सांगते. एका ‘धावा’त देवाने भक्ताकडे धावावयाचे, दुसऱ्यात भक्ताने देवाकडे. दोन्हींत धावणे हे दोघांमधील अंतराचे नाव आहे. एकट्याने, स्वतःकडून स्वतःकडे धावण्याची कल्पना या शब्दपरंपरेत नाही. म्हणून ती असू नये, असे मी म्हणत नाही. ती नवी आहे, आणि नव्या कल्पनेने आपली भाषा घडवावी लागते, एवढेच म्हणतो.

३

ही भाषा कशी घडली ते पाहू. या गद्यात वारंवार आढळणाऱ्या वाक्यांचे साचे तीन आहेत. (उदाहरणे कोणा एका लेखकाची नाहीत; केवळ साचा दाखविण्यासाठी ती मी रचली आहेत.)

पहिला साचा ‘मी आज दहा किलोमीटर रनिंग केले’ हा. येथे इंग्रजी शब्द आला म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही; मारेगावची मुलेही ‘रनिंगले चाललो’ असेच म्हणतात. लक्षात घ्यावयाचे ते वेगळे आहे. ‘धावणे’ अकर्मक असल्यामुळे भूतकाळात प्रयोग कर्तरी होतो : मी धावलो, मी धावले, आम्ही धावलो. धावणारा पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे क्रियापद आपल्या अंगावर वागविते. ‘रनिंग’ हे नाम असल्यामुळे त्याला ‘करणे’ अथवा ‘मारणे’ याचे साहाय्य लागते, प्रयोग कर्मणी होतो, आणि क्रियापद नपुंसकलिंगी ‘रनिंग’शी जुळते. कर्ता तृतीयेत जातो. जुन्या मराठीतील ‘म्यां’ हे रूप आज ‘मी’त मिसळून गेल्यामुळे हे सहज ध्यानात येत नाही, इतकेच. ‘मी रनिंग केले’ हे पुरुषाने म्हटले काय आणि स्त्रीने म्हटले काय, वाक्य तेच. धावणारा क्रियेतून बाहेर पडला आणि क्रिया ही त्याने उरकलेली, मोजता येणारी वस्तू झाली. आत्मशोधाच्या गद्यात आत्म्याची पहिली खूण, म्हणजे कर्त्याशी क्रियापदाचा मेळ, हीच पुसली जावी, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

दुसरा साचा ‘मी स्वतःला रोज पहाटे पळवतो’, ‘मी स्वतःला घडवले’ हा. हे प्रयोजक क्रियापद. घोडा पळवावा, गाडी पळवावी, तसे स्वतःला पळवावयाचे. यात एक ‘मी’ चाबूक धरतो आणि दुसरा जुंपला जातो. शिस्तीच्या दृष्टीने ही विभागणी उपयोगी असेल. परंतु ओळखीच्या दृष्टीने ती संशयास्पद आहे, कारण हाकणाऱ्याला हाकलेल्याची ओळख पटते ती त्याच्या वेगापुरतीच. शिवाय ‘पळवणे’ला मराठीत आणखी एक अर्थ आहे. चोर गाय पळवतो, पेंढारी माणसे पळवीत. स्वतःला पळवणाऱ्या लेखकाच्या मनात हा अर्थ नसतो. परंतु अनेक अनुभवकथने वाचून संपविल्यावर मला प्रश्न पडला आहे, की कचेरीतला, घरातला, नाना नात्यांतला तो मूळ मनुष्य नेमका गेला कोठे? तो सापडल्याची ग्वाही शेवटच्या परिच्छेदात असते, पण त्याचे दर्शन होत नाही.

तिसरा साचा विरळ आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. ‘तिसऱ्या चढावर मला दम लागला’, ‘पुढे मला पळवेना’, ‘तेव्हा मला कळले’. येथे ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. मराठीत भूक, थंडी, झोप, राग, आठवण, दम हे सारे चतुर्थीतील माणसाला लागते, वाजते, येते. तो त्यांचा कर्ता नसतो. त्याच्या ठिकाणी ते घडते. आणि विशेष हे की जाणणेही मराठीत पुष्कळदा असेच घडते : मला कळले, मला समजले, मला उमगले. ‘मी जाणले’ असे म्हणता येते, परंतु ते ग्रंथातले. माणसे बोलताना ‘मला कळलं’ म्हणतात. अर्थात ‘मी धावतो’ येथून ‘मला दम लागतो’ येथे आणि तेथून ‘मला कळते’ येथे येणे, हा प्रवास मराठी वाक्यरचनेत सरळ रेषेचा आहे. धावण्यातून आत्मज्ञान संभवत असेल तर ते प्रथमेतल्या ‘मी’ला होत नाही, तो ‘मी’ चतुर्थीत उतरतो तेव्हा होते.

येथे ‘पळवते’ या रूपाकडे पुन्हा वळले पाहिजे. ‘मी घोडा पळवतो’ यातील प्रयोजक आणि ‘मला पळवते’ यातील शक्य क्रियापद, दोघांतही ‘व’ आहे. दोन रचना जवळजवळ एकाच पोशाखात वावरतात, आणि अर्थ मात्र परस्परांविरुद्ध आहेत. एकीत मनुष्य दुसऱ्यावर अथवा स्वतःवर सक्ती करतो. दुसरीत आपली शक्ती किती, हे त्याला आढळून येते. आत्मविकासाचे बहुतेक गद्य पहिल्या ‘व’वर उभे आहे. त्याने ज्याचे वर्णन करावयाचे, ते मात्र दुसऱ्या ‘व’त आहे.

‘दम’ या शब्दाचेही असेच आहे. श्वास या अर्थाचा ‘दम’ फारसीतून आला. ‘शम-दम’ या जोडीतील, इंद्रियनिग्रह या अर्थाचा ‘दम’ संस्कृत. दोघांचा संबंध नाही. परंतु मराठीने पहिल्याचा संसार असा काही थाटला की तो दुसऱ्याच्या दाराशी येऊन राहिला : दम लागणे, दम खाणे, दम तोडणे आणि दम धरणे. शेवटच्या प्रयोगात श्वास आणि संयम वेगळे काढता येत नाहीत. मैदानावर शिक्षक मुलाला ‘दम धर’ म्हणतो तेव्हा त्याला कोणता अर्थ अभिप्रेत असतो, याचे उत्तर त्याला देता येणार नाही, आणि मुलाला ते विचारावे लागत नाही.

४

आता व्यक्तींकडे वळू. मराठी मुलखातील धावण्याचा इतिहास आत्मशोधाच्या गद्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा यांना ऑलिंपिकची कल्पना सुचली, आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. पुढे नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्णपदकाचे मानकरी झाले. साबळे यांची शाळा घरापासून काही मैलांवर होती आणि ते लहानपणी तेथे पायीच जात-येत, हे सर्वश्रुत आहे.

या धावपटूंविषयी आपली वृत्तपत्रे कोणत्या भाषेत बोलतात? कविता राऊत ‘सावरपाडा एक्सप्रेस’, ललिता बाबर ‘माणदेशी एक्सप्रेस’. कौतुकाचा हेतू निर्विवाद आहे. परंतु शहरातला मनुष्य धावला की त्याला आत्मा गवसतो आणि पाड्यावरची मुलगी धावली की तिची आगगाडी होते, ही वाटणी तपासून पाहिली पाहिजे. आगगाडीला दम लागत नाही. तिला काही कळतही नाही. ज्यांचे धावणे सर्वांत गंभीर आहे त्यांना ‘मला’ म्हणण्याची जागाच आपल्या रूपकाने ठेवलेली नाही.

या दृष्टीने ‘लता भगवान करे’ हा २०२० साली प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट विशेष अभ्यसनीय आहे. साठीच्या घरातल्या एका कष्टकरी बाईने पतीच्या तपासणीचा खर्च भागविण्यासाठी बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून, अनवाणी धाव घेतली व ती जिंकली, ही त्याची सत्यकथा. स्वतःची भूमिका लता करे यांनी स्वतःच केली, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यासाठी त्यांचा विशेष उल्लेख झाला. चित्रपटाच्या नावाला ‘एक संघर्षकथा’ अशी जोड आहे. मला ती अनावश्यक वाटते. ‘संघर्ष’ या शब्दाने आज इतक्या जणांची चाकरी केली आहे, की तो कोणाचाच राहिलेला नाही. या बाई ज्या अर्थाने धावल्या तो मराठीतला जुना, सकर्मकाकडे झुकणारा अर्थ आहे : कोणासाठी तरी धावून जाणे. त्यांना ‘स्व’ शोधावयाचा नव्हता. परंतु त्या धावल्या आणि आपल्याला एवढे पळवते, हे त्यांना, गावाला व कुटुंबाला एकाच वेळी आढळले. आत्मज्ञान हे उद्दिष्ट नसताना पदरात पडले. कदाचित ते असेच पडत असावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण इंग्रजीत आहे. ॲलन सिलिटो यांच्या १९५९ च्या प्रसिद्ध कथेतील सुधारगृहातला मुलगा शर्यत सहज जिंकत असताना रेषेच्या अलीकडे थांबतो, कारण त्याचा विजय हा त्याला पळविणाऱ्यांचा विजय झाला असता. हारुकी मुराकामी यांचे धावण्यावरील आत्मपर पुस्तक (२००७) आपल्या पुरवण्यांतील लेखकांना फार प्रिय आहे. सिलिटोचा उल्लेख मात्र त्यांच्यात मला क्वचितच आढळला. आत्मविकासाच्या परिभाषेला थांबणारा धावपटू सोसत नाही. वस्तुतः ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाइतके स्पष्ट फार थोड्यांना मिळाले असेल.

५

येथे एक आक्षेप संभवतो. विभक्तीवरून तत्त्वज्ञान काढणे धोक्याचे आहे. बेंजामिन ली व्होर्फ यांच्या मताचा अतिरेक करून व्याकरण विचाराला जखडून ठेवते असे म्हणणाऱ्यांची फजिती भाषाशास्त्राने पुष्कळ पाहिली आहे. ‘मला थंडी वाजते’ म्हणणारा मराठी मनुष्य थंडीपुढे अधिक शरणागत असतो, असे कोणी म्हणणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. माझे म्हणणे मनाविषयी नाही, गद्याविषयी आहे. मराठी लेखकाला ‘मी स्वतःला पळवले’ आणि ‘मला पळवले’ या दोन्ही वाटा मोकळ्या असताना तो सतत एकीनेच जात असेल, तर ती व्याकरणाची सक्ती नव्हे. ती लेखकाची निवड आहे, आणि निवडीची समीक्षा करता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी स्वतःवरच घेतो. मारेगावच्या मुलांच्या धावण्यात आत्मशोध पाहणे, ही प्राध्यापकाची चैन तर नव्हे? त्यांना नोकरी हवी आहे, आत्मा नव्हे. ‘सोळाशे’ हा आकडा त्यांच्या बोलीत नाम झाला आहे. ‘सोळाशे मारली’, ‘ग्राउंड निघालं’ ही त्यांची परिभाषा. तीत ‘स्व’ला जागा नाही, आणि ती नसण्याची कारणे शेतीच्या हिशेबात आहेत, व्याकरणात नाहीत. हे सारे खरे आहे.

तरीही एक प्रसंग सांगणे भाग आहे. भाषाशास्त्राच्या वर्गात शक्य क्रियापद शिकवीत असताना मी वऱ्हाडीतील उदाहरणे मागितली. या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’. ग्रियर्सनच्या सातव्या खंडापासून (१९०५) हे नोंदलेले आहे. मारेगावकडचा एक विद्यार्थी, जो दोनदा भरतीला जाऊन आला होता, म्हणाला, “मले आता पयवत नाही.” मी फळ्यावर वाक्य लिहिले, कर्ता अधोरेखित केला, प्रयोग भावे म्हणून सांगितला. तास संपल्यावर तो थांबला व म्हणाला, की ते उदाहरण नव्हते. दुसऱ्या भरतीत शेवटच्या फेरीला त्याला ते कळले होते, आणि कळल्यावर पहिल्यांदा त्याला बरे वाटले होते. घरी सांगायला मात्र पंधरा दिवस लागले.

त्या वाक्यात पराभव किती आणि ज्ञान किती, हे मला सांगता येणार नाही. परंतु आत्मविकासाच्या गद्याच्या शेकडो पानांत जे ‘स्वतःला ओळखणे’ मला दिसले नव्हते, ते त्या चार शब्दांत होते, आणि ते चतुर्थीत होते. पुरवण्यांतल्या लेखकांना त्याचा अनुभव नसतो असे नाही. चाळिशीच्या माणसाला चढावर दम लागतोच. पण तो लागला की त्यांचे वाक्य घाईने प्रथमेत परत येते आणि अंतिम रेषा गाठते. त्या क्षणी थोडे थांबून, न पळवण्याचे वर्णन करणारे गद्य मराठीत लिहिले गेले पाहिजे. त्याला लागणारी क्रियापदे मराठीत आहेत, बोलींत तर विपुल आहेत.

मोटेच्या विहिरीवर बैलांसाठी जो उतार केलेला असे, त्याला मराठीत ‘धाव’ म्हणतात. तिचे अंतर काही पावलांचे. बैल त्या धावेवरून किती फेऱ्या करतात याची मोजदाद शेतकरी ठेवीत नसे; थारोळ्यात पाणी किती पडले, हे तो पाही. धावण्याविषयीच्या लेखनाचीही परीक्षा यापेक्षा निराळी असू नये.